बोटावरचे दोन झटके

रविवार, दिवेलागण. भाटघर.

श्रीवर्धनहून, लेकीच्या सासरहून, आत्ता आलो. चहा निवला, तरी उजव्या हाताचं बोट चोळत बसलोय.

काल व्याह्यांनी खडकावर गळ टाकायला नेलं. धरणावर जन्म गेला आपला, मला हे काय शिकवणार? हितं पाणी निजलेलं. दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा चपलेचा तुकडा बुडाला की मासा लागला. तिथं तुकडा प्रत्येक लाटेला बुडतोय आणि मी हिसके मारतोय. गळ मोकळाच. व्याही म्हणाले, "तुकडा काढा. दोरी बोटावर घ्या. लाट सावकाश ओढते. मासा दोन बारीक झटके देतो, तेवढ्यात कळायला हवं."

मला शेवटपर्यंत कळलं न्हाई.

आज सुमन सासूबरोबर स्टँडवर आली. हसत होती, आईला हे सांगा, ते सांगा. मी एसटीच्या पायरीवर चढलो, तर तिनं हेच बोट धरून दोनदा ओढलं. बारीकसं. मी म्हणालो, "सोड गं, गाडी सुटंल." तिनं सोडलं.

घाट चढताना ध्यानात आलं. तोवर कसं आलं न्हाई?

घरी येताच फोन केला. "काय न्हाई आबा, सगळं बरं हाय," म्हणाली. मागं सासूचा आवाज. बरं हाय, असं तीनदा म्हणाली. मी तर एकदाच विचारलं होतं.

हिला सांगितलंय, पिशवी रिकामी करू नको. सकाळच्या पहिल्या एसटीनं परत जातोय.