लाल पाण्याचं खरं कारण

प्रिय मृणाली, माझी बाय,

तुझं पत्र सगळ्या कशेळीला दाखवून आले. कॉलेजात शिकणारी नात दुसरी शिकलेल्या म्हातारीला विचारते, आजी, उन्हाळ्यात मिठागराचं पाणी लाल का होतं! शेजारची हौसा जळून कोळसा झाली. तिचा नातू गोदामात नुसती ड्युटी करतो.

तर ऐक. उधाणाचं पाणी वाफ्यात घ्यायचं आणि उघाडी, म्हणजे बांधाचं दार, बंद करायची. ऊन पाणी पितं, मीठ मागे राहतं. पाणी आटतं तसा खार वाढतो. आधी हिरवं शेवाळ मरतं, मग कोळंबीची पिल्लं. उरतात ते बारीक जीव, डोळ्याला न दिसणारे, अंगानेच लाल. पाणी तपासायला बाटल्या घेऊन आलेल्या कॉलेजच्या पोरांनी मला हे सांगितलं. पण लाल झालं की मीठ धरणार, हे आपल्यात शेंबडं पोरही जाणतं.

तुझी आई न्हाय जाणत. वैशाली वरच्या गावची, भातशेतीतली. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात, कावळा शिवलेला असताना, कुणाला न सांगता वाफ्यात उतरली. आठ दिवसांत पाणी लाल! रडत माझ्याकडे आली, माझ्यामुळे का म्हणून. मी हसू दाबलं आणि गप्प राहिले. अजून आठवलं की हसू येतं बघ. पुढच्या चैत्रात ती तुझ्या वेळी माहेरी होती, म्हणून पाणी दरसाल लाल होतं हे तिला दिसलंच न्हाय. त्याच पावसाळ्यात तुझा बाप, माझा महादू, होडी उलटून खाडीत गेला. बाराव्याला सगळ्यांसमोर मी सांगितलं, तुझ्या विटाळाने खाडी कोपली आणि माझा लेक नेला. खरं ठाऊक असलेले शंभरजण बसले होते, कुणी तोंड उघडलं न्हाय. तुला काखेला मारून ती कामतघरला गेली, कापडाच्या लूमवर कांड्या भरायला.

बाय, हा प्रश्न कॉलेजचा न्हाय, तुझ्या आईचा हाय, मी ओळखलं. अठरा वर्षं ती मनात म्हणते, सासूचा लेक मी खाल्ला. म्हणून तर दर सुट्टीत भरपाईसारखी तुला माझ्याकडे धाडते. खरं कळलं तर धाडील? तुझ्याशी खोटं बोलवत न्हाय, म्हणून खरं लिहिलं. हे वाचून चुलीत घाल. सोबतचा दुसरा कागद आईला दे. त्यात जुनंच, विटाळाचंच लिहिलंय. सुट्टी लागली की ये, कोलीम, तो बारीक जवळा, सुकवून ठेवलाय.

फक्त तुझीच,
आजी