सासूबाईंच्या घरी

२४ सप्टेंबर, सोमवार

पाव पावणेआठला आला. एरवी सातच्या ठोक्याला दाराच्या कडीला पिशवी लटकलेली असते, आज कडी रिकामी. सासूबाई तीनदा दार उघडून बघून आल्या. शेवटी निकाल दिला — बेकरीवाला म्हातारा झाला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे.

मी म्हणालो, आमच्या न्यूजर्सीत पाव आणला की दोन आठवडे मऊ राहतो, रोज दाराकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

"दोन आठवडे मऊ राहते ती उशी. पाव नव्हे."

हेच बोलणं अकरा वर्षं चाललंय. पूर्वी माझी बायको ग्रासिएत आमच्या मधे बसून दोन्हीकडचं ऐकत हसायची. आईकडे बघायला कोणी हवं म्हणून ती मला घेऊन स्पेनच्या सीमेजवळच्या आपल्या गावी, व्हियानाला परत आली, आणि गेल्या मार्चमध्ये तिला जाऊनच दोन वर्षं झाली. आता घरात आम्ही दोघं — सत्त्याऐंशीच्या सासूबाई आणि एकाहत्तरचा जावई.

२५ सप्टेंबर

कोरिनचा फोन. लेकीचं नेहमीचंच — गॅरेजवरची खोली रंगवून तयार आहे, डॅड, आता या. मी म्हणालो, तुझ्या आजीला टाकून कसा येऊ? ती म्हणाली, आजीला मुलगा आहे.

आहे. फ्रान्सला, लिओंमध्ये. ऑगस्टमध्ये तीन आठवडे येतो, छपराची कौलं मोजतो आणि जातो.

२६ सप्टेंबर, बुधवार

सीमेवरच्या वालेन्साच्या बाजाराला गेलो. गाडी एकोणीस मिनिटं उशिरा, फलाटावर कुणी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. मी बघितलं. सासूबाई म्हणाल्या, बघितल्याने लवकर येते का?

बाजारात टॉवेल घेतले, घरात चाळीस असताना. मग लोखंडी पुलावरून चालत पलीकडे तुईला, म्हणजे स्पेनमध्ये. या टोकाला बारा वाजलेले असतात, त्या टोकाला एक. मला अजून त्याची गंमत वाटते. पुलाच्या मधोमध थांबून मी एक पाय इकडे, एक तिकडे ठेवला. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि चालायला लावलं. मला वाटलं, त्यांना चालवत नाहीये. समोरून ओळखीची एक बाई आली, तिला सांगत होत्या, "धरून ठेवावं लागतं याला. कुठेही उभा राहतो."

तिथे ऑक्टोपस खाल्ला, वर लाल तिखट आणि तेल. मी पाण्यात बर्फ मागितला. वेटरने सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली — आणू नको. मी बिनबर्फाचं पाणी प्यालो.

परतीच्या गाडीत झोपल्या, तोंड उघडं ठेवून. एकदम लहान दिसल्या.

३ ऑक्टोबर

दिवसभर वारा. दोरीवरची चादर खालच्या गल्लीत गेली. पुन्हा धुतली.

९ ऑक्टोबर, मंगळवार

सासूबाई जिन्यात पडल्या. शेवटची पायरी. डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. दवाखान्यात चार तास बसलो. तिथेही सगळे डबे घेऊन आलेले, जेवणाची वेळ झाल्यावर अर्धी रांग जेवायला बसली. मीच एक उपाशी. शेजारच्या माणसाने न विचारता अर्धी पोळी दिली, अंड्याची.

डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण असतं यांच्याबरोबर? मी म्हणालो, मी. त्यांनी लिहून घेतलं. का कोण जाणे, बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर

सासूबाई खुर्चीत, मी चुलीपाशी. खारवलेला कॉड मासा परवापासून भिजतोय. पाणी पाच वेळा बदलायला लावलं, मला तीनदा पुरे वाटत होतं. काटे काढून ताट पुढे ठेवलं. त्यांनी काट्याने सगळं उलटंपालटं केलं.

"राहिलाय एक."

होता.

१५ ऑक्टोबर

काल मी मीटलोफ केला, म्हणजे खिम्याची भाजलेली वडी, माझ्या आईसारखा, वर केचप. सासूबाईंनी गुपचूप खाल्ला. आज सकाळी विचारलं, काल ते काय होतं? सांगितलं. जरा विचार करून म्हणाल्या, "चावावं लागत नाही. आजारी माणसाला चांगलं."

इतकी स्तुती अकरा वर्षांत झाली नव्हती.

१७ ऑक्टोबर

आमादेऊचा लिओंहून फोन. म्हणाला, आईला वृद्धाश्रमात ठेवू या, टेकडीखाली चांगला आहे, आणि घराचं काहीतरी बघू. मी म्हणालो, गरज नाही. आवाज जरा चढला माझा. आंघोळीचं पाणी कोण देतं? केस कोण विंचरतं? (वाईट विंचरतो. तसं त्या सांगतात.) तो म्हणाला, तोंडावर बोलू. सर्वसंतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला येतोय.

१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दफनभूमीत. सगळं गाव ब्रश, बादल्या आणि शेवंतीच्या कुंड्या घेऊन. मी ग्रासिएतचा दगड घासला, सासूबाई उजव्या हाताने जागा दाखवत होत्या. माझ्या वडिलांची कबर न्यूजर्सीत आहे. तिथे मी शेवटचा कधी गेलो, आठवत नाही. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही.

आमादेऊ दोन दिवस गाडी चालवून आलाय. केस पांढरे झालेत. बहिणीसारखाच दिसायला लागलाय, त्यामुळे त्याच्याशी भांडणं अवघड जातं.

जेवण साडेतीन तास चाललं. सूप, मग बोकडाचं मटण, भात, मग फळं, मग विषय. आमादेऊ शांतपणे बोलला. आई पुन्हा पडली तर? तू घराबाहेर असताना पडली तर? तुलाच काही झालं तर? तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच राग आला.

"मी आहे ना इथे," मी म्हणालो. "मी सांभाळतोय त्यांना. मी आहे तोवर त्या या घरातून हलणार नाहीत."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग संत्रं माझ्यापुढे सरकवलं, सोलून द्यायला.

आमादेऊ म्हणाला, "निदान नाव तरी घालू, आई. वर्ष-वर्ष नंबर लागत नाही तिथे."

"नाव घालायची गरज नाही," त्या म्हणाल्या.

संपलं! मी संत्रं सोललं. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

४ नोव्हेंबर

आमादेऊ गेला. गाडीत बटाट्यांचं पोतं, कोबी, तेलाचे दोन डबे — फ्रान्समध्ये बटाटे मिळत नसावेत. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला सांगू नकोस. फक्त जाऊन चौकशी कर. माझ्यासाठी." मिठी मारली. मी हो म्हणालो.

११ नोव्हेंबर

चेस्टनट भाजले. बोटं काळी. सासूबाईंनी सतरा खाल्ले.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

दिलेला शब्द म्हणून वृद्धाश्रमात गेलो. सासूबाईंना सांगितलं, न्हाव्याकडे जातोय.

वाईट जागा असेल असं मी धरून चाललो होतो. नाहीये. अंगणात लिंबाची झाडं, आत सूपचा वास, चार म्हाताऱ्या पत्ते खेळत होत्या. त्यातली एक जुल्मीरा निघाली, पूर्वी आमच्या समोरच्या घरात राहायची. सासूबाईंची साठ वर्षांची मैत्रीण. मला बघून पत्ते खाली ठेवले.

"अखेर आलास. सासूला, देओलिंदाला सांग, आम्हाला चौथा भिडू धड मिळत नाही. ही लबाडी करते." शेजारच्या बाईने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

मी म्हणालो, त्यांना इथे यायचंच नाहीये. जुल्मीरा हसली. म्हणाली, तुला कोणी सांगितलं?

यादी बघणाऱ्या आल्दाबाई बाहेर गेल्या होत्या. उद्या यायला सांगितलंय. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. सासूबाई म्हणाल्या, न्हाव्याने काही कापलेलं दिसत नाही.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

आल्दाबाईंनी वही उघडून माझ्याकडे फिरवली. देओलिंदा — नाव घातल्याची तारीख एप्रिल २०१६. ग्रासिएत गेल्यानंतरचा महिना. त्या स्वतः चालत आल्या होत्या म्हणे. नंबर दोनदा लागला. दोन्ही वेळा त्यांनीच पुढे ढकलला. कारणाच्या रकान्यात दोनदा तेच: "जावई घरी एकटा पडेल. त्याचं मार्गी लागलं की येईन."

घरी आलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी कोट न काढताच म्हणालो, या वेळी नंबर लागला की हो म्हणा. माझं मी बघेन.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आधी बघून दाखव," म्हणाल्या. "मग जाते."