आडवी पेरणी

१० मे

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत, फक्त बाबांनी माझ्याशी अबोला धरलाय. पाऊस हल्ली महिनोन्महिने तोंड दाखवत नाही आणि आला की एकदम कोसळून जातो. बाबांनी उतारावर वरून खाली नांगराने पाडलेल्या सरळ तासांतून पाणी धावत सुटतं आणि माती ओढ्यात नेतं. वरच्या अंगाला खडक उघडा पडलाय. म्हणून यंदा उताराला आडवं पेरायचं ठरवलंय, म्हणजे पाणी तासातासाला अडेल. बाबा म्हणाले, मी असेपर्यंत या रानात वाकडा तास पडणार नाही. तुझं ते ऐकतात, चार ओळी लिहिशील का? असंच चाललं तर पेरायला मातीच उरणार नाही.

माझ्यावर माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा धाकटा

२१ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. आपले तास बघायला लोक मुद्दाम थांबायचे. आई दारात उभी राहून थेट बांधापर्यंत बघायची, कोण खुरपतंय आणि कोण सावलीत लोळतंय ते. लोळणारा कोण असायचा, हे तुला सांगायला नको. ती गेली तरी मला घर आठवतं ते त्या तासांसकट. फार जीव तुटतो रे. पण रानच वाहून गेलं तर आठवणी घेऊन काय करू?

बाबांना मी लिहिणार नाही. माझ्या पदराआड लपायची तुझी खोड जुनी आहे. त्यांच्यासमोर आखायला घे. ओरडले तर ओरडू देत.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी ताई

३ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच केलं. गवंड्याकडून पाण्याची नळी आणली, पातळी बघत चुन्याची फक्की टाकत गेलो. बाबा आधी पाठ फिरवून बसले. मग काठी टेकत आले आणि म्हणाले, वाकडंच करायचंय तर नीट वाकडं कर, ही रेघ खाली घसरलीय. पुढची आखणी त्यांनी मला शिव्या घालत करून घेतली. अबोला सुटला, एवढ्यानेच मला भरून आलं.

काल पाऊस झोडपून गेला. ओढा लाल झाला, पण आपली माती जागेवर होती. बाबा खालच्या तासात, घोटाभर साचलेल्या पाण्यात उभे होते. मला जवळ बोलावून म्हणाले, हे बघायला तुझी आई हवी होती. मग आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो.

लोभ आहेच, सवड काढून ये.

तुझा धाकटा