खडूची चौकट

सोमवार, १४ सप्टेंबर

ठरलं. शनिवारी गावभर गॅरेज सेल आहे, घरोघरी जुनं सामान विकायला काढतात. यंदा आपलाही. रविवारी संध्याकाळी गाडी गॅरेजात! मार्लिसला शब्द दिलाय.

म्हणजे शब्द जानेवारीतच दिला होता. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं, तेव्हा. अजून तिच्याने बरणीचं झाकण उघडत नाही. पुढच्या हिवाळ्यात गाडी आत असेल, असं मी हॉस्पिटलातच सांगून टाकलं. गॅरेज सामानाने भरलंय, म्हणून गाडी नऊ वर्षं बाहेर आहे. मार्लिस म्हणते, मिनेसोटात कुत्र्यालाही कोणी बाहेर ठेवत नाही. मी म्हटलं, कुत्र्याला सामान नसतं.

बाकीचे लोक टेबलावर पसारा ओततात आणि त्याला सेल म्हणतात. मी एकतीस वर्षं फर्निचरच्या दुकानात काचेमागची मांडणी केली आहे. दाखवतोच आता गावाला.

मंगळवार, १५ सप्टेंबर

चर्चमधून घडीची चार टेबलं आणली. परत आलो तर गॅरेजच्या जमिनीवर खडूने आखलेली मोठी चौकट. मार्लिसचं काम. मी काही न सांगता तिने मांडणीसाठी जागा आखून ठेवली! अडतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझं काम तिला कळलं. लगेच चौकटीत दिवाणखाना केला. मधोमध सोफा, बाजूला उंच दिवा, समोर लाकडी बदकं. तिला बोलावून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली आणि 'बरं' म्हणाली. डोळे भरून आले असावेत.

बुधवार, १६ सप्टेंबर

मागच्या भिंतीवरचं आणि फळ्यांवरचं सामान बघवत नाही. त्याच्यापुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदा लावला. दुकानातली जुनी युक्ती.

काही वस्तूंवर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावली. सोफा, दिवा, बदकं, गालिचा, चारही खुर्च्या. त्या गेल्या तर मांडणीच कोसळेल. मार्लिसने विचारलं, मग विकायला राहिलं काय? म्हटलं, वातावरण. ती म्हणाली, वातावरण किती जागा घेतं रे?

गुरुवार, १७ सप्टेंबर

मार्लिस सकाळपासून समोरच्या लॅव्हॉनकडे खोकी नेतेय. म्हणे लॅव्हॉनचं टेबल रिकामं दिसतं. एका हाताने ओढत होती, म्हणून तीन खोकी मीच रस्ता ओलांडून पोचवली. जड होती. आत काय आहे ते विचारलं नाही. बायकांच्या सामानात मी नाक खुपसत नाही.

शनिवार, १९ सप्टेंबर

सकाळी ६.१०. सेल आठचा, पण दोन मुरलेले ग्राहक आत्ताच टपकले. अजून दिव्यांची दिशा जमत नाहीये, म्हणून परत पाठवलं. लॅव्हॉनकडे गेले. दर्दी नव्हते.

९.३०. गर्दी! चौदा जण 'हे वेगळंच आहे हो' असं म्हणाले. आमच्याकडे लोक तोंडभरून कौतुक करत नाहीत, तेव्हा हे फारच झालं. एक बाई सोफ्यावर टेकली, मग आपण कोणाच्या तरी घरात शिरलोय असं वाटून माफी मागून गेली. याला म्हणतात मांडणी.

११.००. पहिली विक्री! लॅव्हॉनचा नवरा डेलबर्ट सगळीकडे फिरला, डोकं खाजवलं आणि बर्फ खरवडायची पट्टी घेतली. पाव डॉलर. त्याची गाडी तर गॅरेजात असते, त्याला ती कशाला लागणार? पण गिऱ्हाइकाला खोदून विचारू नये. आपल्यालाही आता तिचा काय उपयोग?

१.००. मार्लिसने केलेल्या भोपळ्याच्या वड्या संपल्या. गर्दीही संपली. लॅव्हॉनकडे पाहणी करायला जातो.

४.००. मांडणी म्हणाल तर शून्य! सगळा ढीग गवतावर. पण माल काय आहे! बाबांच्या कंदिलाला हुबेहूब जोड मिळाली, पोचासुद्धा त्याच जागी. वल्ही, गळाला लावायच्या छोट्या माशांची बादली, बर्फावरची घसरगाडी, वॉफलचं यंत्र. एकूण बारा वस्तू उचलल्या. सगळ्या अगदी माझ्या आवडीच्या! लॅव्हॉन पैसे घेताना वर बघेना. डेलबर्ट म्हणाला, व्हर्जिल, नीट बघून घेतोयस ना? म्हटलं, अरे, ही नजर एकतीस वर्षांची आहे.

मार्लिस दारात उभी होती. माझ्या हातात कंदील बघून आत गेली. मनगट दुखत असेल.

रविवार, २० सप्टेंबर

जोडी लावावी म्हणून पडदा सारला. भिंत रिकामी. फळ्या रिकाम्या. खिळे तेवढे होते, आणि भिंतीवर धुळीत कंदिलाचा आकार. हातातला कंदील टांगून बघितला. बरोबर बसला.

मागे मार्लिस उभी होती. म्हणाली, तुझ्याच्याने टाकवणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मागचं मी काढलं. पुढचं तू विकशील असं वाटलं होतं. आणि ती चौकट गाडीची आहे रे, व्हर्जिल.

मग आधी सांगायचं ना, असं मी म्हणालो. ती म्हणाली, खडूने सांगितलं होतं.

एवढं काय त्यात. पुढच्या आठवड्यात सगळं हलवतो.

सोमवार, ५ ऑक्टोबर

सोफा हलवायचा होता. पाठीत उसण भरेल असं वाटलं. घाई करण्यात अर्थ नाही, अजून पानंसुद्धा गळली नाहीत.

बुधवार, १४ ऑक्टोबर

पानं गळली. ती गोळा करण्यात दिवस गेला.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

सकाळी ६.३०. बर्फ. इतक्या लवकर पडेल असं कोणाला वाटलं होतं? मार्लिसला आठला मनगटाच्या डॉक्टरकडे न्यायचंय. गाडीच्या काचांवर बोटभर थर. पट्टी सापडत नाही.

६.४०. पट्टी कुठे आहे ते आठवलं.

७.१५. समोर गेलो. लॅव्हॉनने पट्टी आणून दिली. माझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून तशीच: 'उत्तम स्थिती'. काम झालं की परत आण हं, म्हणाली, विकत घेतलीये आम्ही.

११.००. सकाळी निघताना मार्लिस पायरीवरच थांबली होती. मी हात दिला. डाव्या हाताने तिने माझं कोपर इतकं घट्ट धरलं की बाहीतून बोटं लागली. गाडीपर्यंत वीस पावलं असतील. एक एक पाऊल चाचपत टाकत होती. तिला एवढी भीती वाटते हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तपासणीला वेळ लागणार म्हणून मी तेवढ्यात घरी आलो. सोफा एकट्याने ओढत बाहेर काढला. चार मिनिटं लागली. पाठीला काही झालं नाही.

खाली चौकट अजून होती. उजव्या बाजूला जरा जास्त जागा सोडून दुसरी रेघ मारलेली. आधी वाटलं, मार्लिसची मोजताना चूक झाली. मग गाडीचं तिच्या बाजूचं दार कुठे उघडतं ते लक्षात आलं. रेघेवर पाय ठेवून बघितलं. एका माणसाला न घसरता उतरता येईल, एवढीच जागा होती.