लेकीला फोन द्या

दादा,

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घेताना मी ‘पानी’ म्हटलं की मॅडम टोकायच्या, “पाणी म्हणा. लोक हसतात.” आता चुकत नाही. पण दिवसभर जीभ सांभाळून खोलीवर आले की बोलायचंच नको वाटतं.

काल आडवी झाले आणि आईचा फोन आला. सवयीने म्हणाले, “नमस्कार, बोला.”

आई बिचकली. तिला वाटलं, खोलीतली दुसरीच कुणी आहे. “बाई, माझ्या लेकीला फोन द्या ना.”

मीच आहे, हे सांगायचंही त्राण नव्हतं.

“झोपली का? मग उठवू नका हो. फार दमते ती.”

“बरं,” म्हणाले.

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर तू आईला वाचून दाखवशील.

तुझी,
धाकटी