माळ्यावर दोघी

माय, आपण जिंकलो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुलाच सांगावंसं वाटलं. चाळीसगावच्या ज्या साडीच्या दुकानात घड्या घालण्यात तुझा जन्म गेला, तिथंच तू आजारी पडल्यावर मी लागले. तुझी शिकवण एकच, "माळ्यावर एकली जाऊ नको, बेटा. संगे कोनले तरी ली जाय." शेठ मागून वर येतो, हे तुम्हां बठ्ठ्या जणींना ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं. आता गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो, तोही बापाच्याच वळणाचा. यंदा लग्नसराईत माझी जोडीदारीण रजेवर होती, म्हणून मी एकटी वर गेले, तर त्यानं मला मागून धरलं. ढकलून खाली आले, सगळ्यांसमोर जाब विचारला. तो हसतोय, म्हणतोय, "आमच्याकडे दहासुद्धा माणसं नाहीत. कायदा आम्हाला लागतच नाही."

मेल्याचं मला खरंच वाटलं गं. पण आपल्या गल्लीतल्या वकीलबाईनं समजावलं, की दुकान लहान असो नाहीतर तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असो, त्यासाठी जिल्ह्याची समिती असते, फक्त तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा. दिला. जळगावला सुनावणी लागली. तो छाती काढून सांगत होता, ही खोटं बोलते, आजवर एकाही बाईनं तक्रार केलेली नाही. अध्यक्षबाईंनी आमच्या बायकांना एकेकीला आत बोलावून काम कसं चालतं एवढंच विचारलं. सगळ्या सहज सांगून गेल्या, माळ्यावर दोघी जातो. गठ्ठा तर एकीला उचलतो, मग दोघी का, असं अध्यक्षबाईंनी प्रत्येकीला विचारलं. शेवटी तुझ्या बरोबरीची अक्का बोलली, "याना बापना येळपासून आम्ही जोडीनी जातस, बाई. भ्याव वाटस म्हनून."

तक्रार खरी ठरली. भरपाई द्यावी लागली, माफीही लेखी, सगळ्यांदेखत. त्याची मान वर होत नव्हती आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! स्टँडवर सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. नोकरी सोडली नाही, का म्हणून सोडू? आता दारातच कायद्याची पाटी लागली आहे, गिऱ्हाईकसुद्धा थांबून वाचतं.

हे कुठं धाडणार, माझ्यापाशीच राहील. पण खरं सांगते, माय. तू असतीस तर "आपलंच नाव खराब व्हई" म्हणून रडली असतीस, आणि मी अर्ज दिलाच नसता.