ताऱ्याचा वेग आणि सरांची सही

जळगाव, ४ मार्च २०२५

ती. नानांना सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते. सूर्यासारखे तारे आतून घंटेसारखे थरथरतात. तारा फिरत असेल तर त्या थरथरीचा एक सूर फाटून जवळजवळचे सूर होतात. त्यांच्यातलं अंतर मोजलं की फिरण्याचा वेग कळतो. वय वाढलं की तारे मंदावतात, असा ठरलेला हिशेब आहे. माझा एक म्हातारा तारा मात्र हिशेबापेक्षा बराच वेगाने फिरतोय. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, मोजण्यात चूक आहे, प्रबंधातून काढ, नाहीतर सही मिळणार नाही. चूक कुठे, ते मात्र सांगत नाहीत. मी पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडली तर तो तारा मीच काढीन. तोवर काढणार नाही.

आईला जयभीम. माया असू द्यावी.

आपली, प्रज्ञा

धुळे, १० मार्च

चि. प्रज्ञाला आशीर्वाद.

पत्र पोचलं. एक तारा वगळल्याने आकाश ओस पडत नाही. आधी सही घे, डॉक्टर हो, मग हवं तेवढं भांड. आपल्या घरातलं कोणी इथवर पोचलेलं नाही. मीही साहेबांचं ऐकूनच नोकरी काढली. आईने ज्वारीचे बिबडे वाळत घातलेत, जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझे, नाना

जळगाव, २१ मार्च

ती. नानांना सविनय जयभीम. वि. वि.

काल विभागात सगळ्यांसमोर तो तारा मांडला. सर मधूनच उठून गेले. सायंकाळी त्यांनी सही नाकारल्याचं कळवलं. मी मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज दिला आहे. वर्ष जाईल, जाऊ दे. तुम्ही मान खाली घातलीत म्हणून मी शिकले, हे विसरलेले नाही. पण तुम्ही मला शिकवलंत ते मीही मान खाली घालावी म्हणून नाही.

रागावलात तरी लिहीत राहा.

आपली, प्रज्ञा

धुळे, ३० मार्च

चि. प्रज्ञास आईचे अनेक आशीर्वाद.

नानांनी तुला लिहिलेलं ते पहिलं पत्र मला न दाखवताच पोस्टात टाकलं, त्याबद्दल त्यांना बोलून झालं आहे. पोरी, तुनं बठ्ठं, अगदी सगळं, बरोबर शे.

काल ज्योत्स्नामावशी सोनगीरची मंडळी घेऊन आली होती, तुझ्या स्थळाचं बोलायला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलगी सरांशी भांडली म्हणतात, ते खरं का. मी तोंड उघडणार, तोच नाना म्हणाले, भांडली नाही. खोटं लिहायला नाही म्हणाली. चहा अर्धा ठेवून मंडळी गेली. मावशी रुसली आहे, रुसू दे.

ती गेल्यावर नानांनी स्वतः कपबशा उचलल्या. मग मला विचारलं, त्या ताऱ्याचं नाव काय. मला कुठे ठाऊक? तेवढं नीट, मोठ्या अक्षरात लिहून पाठव. त्यांना पाठ करायचं आहे.

इकडची काळजी नको, माया आहे तशीच आहे.

तुझी, आई